तांब्याच्या नॅनोवायरचा यंग मॉड्युलस (ताठरपणाचं माप) १६ गिगापास्कलच का येतोय?

तारकाम
लॅम्प्समध्ये (अणूंच्या हालचालींचं सिम्युलेशन करणारा प्रोग्राम) तांब्याची [१००] नॅनोवायर (लांबी स्फटिकाच्या घनाच्या कडेच्या दिशेत) ओढतोय. आकार १२×१२×६० युनिट सेल (स्फटिकाचे मूळ घन), म्हणजे ४३.४×४३.४×२१७ अँगस्ट्रॉम, ३४,५६० अणू. पोटेन्शियल (अणूंमधल्या बलांचं सूत्र) मिशिन यांचं २००१ चं ईएएम, युनिट्स मेटल (लॅम्प्सची एक एककपद्धत), टाइमस्टेप १ फेम्टोसेकंद. तारेभोवती निर्वात जागा हवी म्हणून बॉक्स आडव्या दोन्ही दिशांना ८७ अँगस्ट्रॉम. ३०० केल्विनला १० पिकोसेकंद एनव्हीटी (आकारमान आणि तापमान स्थिर), मग लगेच फिक्स डिफॉर्म (बॉक्स ताणणारी आज्ञा), इरेट (स्ट्रेनचा, म्हणजे लांबीतल्या सापेक्ष वाढीचा, वेग) ०.००१. थर्मोमधल्या (लॅम्प्स छापतं त्या आकड्यांतल्या) पीझेडझेडचा, म्हणजे तारेच्या दिशेतल्या दाबाचा, आलेख काढला. मॉड्युलस १६ येतो, पुस्तकात १२० च्या आसपास आहे. वक्र शून्यातून निघत नाही. आणि पुढे स्ट्रेस (क्षेत्रफळामागचं बल) एकदम कोसळतो. पोटेन्शियल बदलू का?

जाळीबिंदू
पोटेन्शियलला हात लावू नका. पीझेडझेड काढताना भागाकार अख्ख्या बॉक्सच्या आकारमानाने होतो, आणि तुमचा बॉक्स तीन चतुर्थांश रिकामा आहे. ८७ चा वर्ग भागिले ४३.४ चा वर्ग, म्हणजे ४. सोळा चोक चौसष्ट.

आता १२० चं. तो पॉलिक्रिस्टलाइन (वेगवेगळ्या दिशांच्या अनेक स्फटिककणांच्या) तांब्याचा आकडा. सिंगल क्रिस्टलमध्ये [१००] ही सगळ्यांत मऊ दिशा. तांब्याचे इलॅस्टिक स्थिरांक सी११ = १७० आणि सी१२ = १२३ गिगापास्कल घ्या; सी१२ च्या वर्गाची दुप्पट, भागिले दोघांची बेरीज, हे सी११ मधून वजा करा. ६७ उरतात. [१११] ला हाच आकडा १९० च्या घरात जातो. म्हणजे तुमचं उत्तर ठीकच आहे.

सूत्र: उणे पीझेडझेड × ४ ÷ १०,०००. उणे कारण ओढताना दाब ऋण येतो, दहा हजार कारण मेटल युनिट्समध्ये दाब बारमध्ये असतो. बॉक्सच्या आडव्या बाजू स्थिर असल्याने हा बरोब्बर इंजिनिअरिंग स्ट्रेस (मूळ क्षेत्रफळावर काढलेला) होतो. क्षेत्रफळ कसं धरलं ते मात्र लिहून ठेवा. बाहेरच्या थरांतल्या अणूंच्या केंद्रांपासून मोजलं तर बाजू ४१.६ भरते आणि क्षेत्रफळ ८ टक्क्यांनी घटतं. व्होरोनॉय आकारमानाच्या (प्रत्येक अणूच्या वाट्याला येणाऱ्या जागेच्या) वाटेला जाऊ नका. पृष्ठभागावरच्या अणूंचे कोश निर्वातात पसरतात.

शून्यकेल्विन
वक्र शून्यातून का निघत नाही: ३.६१५ हा या पोटेन्शियलचा ० केल्विनचा लॅटिस पॅरामीटर (युनिट सेलची बाजू, अँगस्ट्रॉममध्ये). ३०० ला तारेला प्रसरण पावायचंय, पण एनव्हीटीत लांबी बांधलेली. उलट पृष्ठभागाचा ताण तिला आखडू पाहतो. या ओढाताणीतून जे उरतं ते तुम्हाला सुरुवातीला दिसतं.

आधी मिनिमाइझ करा (ऊर्जा किमान होईपर्यंत अणू हलवा). मग वेग ६०० केल्विनचे द्या, कारण निम्मी ऊर्जा लगेच स्थितिज होते आणि तापमान ३०० वर येतं. मग फिक्स एनपीटी (दाब आणि तापमान स्थिर), फक्त झेड दिशेत शून्य दाब, टीडॅम्प ०.१, पीडॅम्प १ (तापमान आणि दाब सावरायचा काळ, पिकोसेकंदांत). (लक्ष्य शून्यच असल्यामुळे इथे आकारमानाची चूक नडत नाही.) आडव्या दिशांना बॅरोस्टॅट (दाब सांभाळणारी यंत्रणा) लावू नका, निर्वातात त्याला धरायला काही नसतं आणि बॉक्स भरकटतो. निदान ५० पिकोसेकंद चालवा आणि लांबीची सरासरी घेऊन पुढे जा. तारेतून लहर सेकंदाला सुमारे २.७ किलोमीटरने, म्हणजे पिकोसेकंदाला २७ अँगस्ट्रॉमने जाते. एका टोकाहून दुसऱ्या टोकाला ८ पिकोसेकंद. तुमच्या १० मध्ये ती जेमतेम एक फेरी मारते.

ताणतणाव
कोसळणं खरं आहे, बिघाड नव्हे. तारेत एकही डिसलोकेशन (स्फटिकरचनेतला रेषेसारखा दोष) नाही, त्यामुळे कडेवरून पहिलं शॉकली पार्शियल (अर्धवट डिसलोकेशन) सुटेपर्यंत ताण चढत राहतो आणि मग साठलेली ऊर्जा एका दमात मोकळी होते. तार लांब घेतलीत तर पडझड आणखी तीव्र दिसेल. ओव्हिटोत (अणूंची चित्रं दाखवणारा प्रोग्राम) कॉमन नेबर अ‍ॅनालिसिस लावा (शेजाऱ्यांवरून अणूभोवतीची रचना ओळखणं): एचसीपीचे (षट्कोनी रचनेचे) दोन शेजारी थर दिसले तर स्टॅकिंग फॉल्ट (थरांच्या क्रमातली चूक), एकच थर असेल तर ट्विन बाउंडरी (एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमेसारख्या दोन भागांची सीमा). पृष्ठभागाचे अणू 'इतर' रंगात येतात, घाबरू नका.

तुमचा स्ट्रेन रेट सेकंदाला १ अब्ज आहे. यील्डचा (तार कायमची विकृत होऊ लागते त्या ताणाचा) आकडा प्रयोगशाळेतल्या तांब्याशी ताडून पाहू नका, तिथे आधीच डिसलोकेशन्स असतात आणि वेग कितीतरी कमी. दहापट हळू एकदा तरी चालवा; २० टक्के स्ट्रेनला २ लाखांऐवजी २० लाख पावलं लागतील. वेगांचं सीड (यादृच्छिक आकड्यांची सुरुवात) बदलून पाच वेळा चालवलंत तर यील्ड हलताना दिसेल, मॉड्युलस फारसा नाही. मॉड्युलससाठी रेषा पहिल्या १-२ टक्क्यांतच बसवा.

जाळीबिंदू
एक भर. [१००] ओढताना पुढच्या पार्शियलचा श्मिड फॅक्टर (घसरणीच्या दिशेला मिळणारा ताणाचा वाटा) ०.२४, मागच्याचा ०.४७. म्हणजे मागचं पुढच्याला गाठण्याकडे कल असतो, ट्विन सहसा बनत नाही. तीच तार दाबलीत तर आकडे उलटे होतात. ट्विन बघायचे असतील तर इरेट उणे करून पाहा, किंवा [११०] तार ओढा.