स्लो कुकरमधले सॉसेज स्पंज झाले आणि आलू कच्चेच राहिले, काय आधी टाकायचं?

मनीषनगरची_आई

नमस्कार सगळ्यांना. थोडं मोठं लिहून राहिली आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय तुम्हाला कळणार नाही. मी मिहानमध्ये कामाला, सकाळी साडेआठला घर सोडते ते परत यायला साडेसात वाजतात, नवऱ्याची बुटीबोरीला शिफ्ट, घरात ८ वर्षांची मुलगी, ३ वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. मी दारात पाय ठेवला की पोरं भूक लागली भूक लागली करतात आणि तेव्हा मला कांदा चिरायचाही जीव नसतो. म्हणून दिवाळीत साडेतीन लिटरचा स्लो कुकर (मंद आचेवर तासन् तास शिजवायचं विजेचं भांडं) घेतला, लो, हाय, वॉर्म वाला, ८ तास झाले की आपोआप वॉर्मवर जातो. मटण त्यात इतकं छान होते की बस.

तर काल सॉसेज आणि भाज्यांचं करून बघितलं. नेटवर बाहेरच्या देशातली एक रेसिपी सापडली, त्यात लिहिलं होतं सगळं एकत्र टाका, लोवर ८ तास ठेवा, जेवण तयार. मी चिकन सॉसेजचं पाकीट फ्रीजरमधून काढलं, तसंच टाकलं, सोबत ४ आलू, ३ गाजरं, १ कांदा, १ शिमला मिरची, वाटीभर टमाटरची प्युरी, २ ग्लास पाणी. संध्याकाळी झाकण उघडलं तर सॉसेज फुगून फाटलेले, चमच्याने दाबले की आतून पाणी निघे, चव काहीच नाही. आणि आलू, ८ तास राहून, कडक! गाजरसुद्धा दाताखाली करकर करत होतं. मुलीने सगळे सॉसेज ताटाच्या कडेला लावून ठेवले, मला फार वाईट वाटलं. शेवटी सगळं प्रेशर कुकरमध्ये टाकून ३ शिट्ट्या काढल्या.

तर काय आधी टाकायचं नि काय नंतर? पाणी किती? सासूबाई नॉनव्हेज खात नाहीत, त्यांचं त्यातच काही होईल का की वेगळंच करावं लागेल? आणि दिवसभर घरी कोणी लक्ष देणारं नसताना हे चालू ठेवलेलं बरोबर आहे का, सासूबाई घरी असतात पण त्यांना त्यातलं काही कळत नाही.

सदरची_काकू

अगं तुझं काही चुकलं नाही, रेसिपी वेगळ्या सॉसेजची आहे. इंग्लंड-अमेरिकेतल्या त्या रेसिपीत जे सॉसेज असतात ते बहुतेक कच्चे असतात, पोर्कचा खिमा मसाला लावून आवरणात भरलेला, त्याला आतपर्यंत शिजायला वेळ लागतोच. आपल्याकडे फ्रीजरमध्ये चिकन सॉसेजची जी पाकिटं मिळतात ती बहुतेक आधीच शिजवलेली असतात, तुला फक्त गरम करायचे असतात. शिजलेली वस्तू परत ८ तास पाण्यात ठेवल्यावर ती फुगणार, फाटणार नि चव पाण्यात सोडून देणार. पाकिटाच्या मागे वाच, आधीच शिजवलेले आहेत असं लिहिलं असलं तर ते शेवटच्या अर्ध्या तासातच टाकायचे. कच्चे असले तरच सुरुवातीपासून.

आता आलूचं सांगते. तुरीच्या डाळीत चिंच-आमसूल आपण डाळ शिजल्यावर टाकतो न? आधी टाकलं तर डाळ बोटाने दबतच नाही. आलू-गाजराचं तेच आहे, आंबट पडलं की ते मऊ व्हायला तयार होत नाहीत. कुकरच्या शिट्टीत ते खपून जाते पण स्लो कुकरच्या मंद आचेवर नाही खपत. तू वाटीभर प्युरी सकाळीच टाकली, तिथेच आलू अडकले. टमाटर संध्याकाळी टाक. दुसरं, स्लो कुकरमध्ये मटणापेक्षा कंदाला जास्त वेळ लागते, हे ऐकून खरं वाटत नाही पण तसंच आहे, म्हणून आलू-गाजर अगदी तळाशी आणि कडेकडेने लावायचे, आच तिथूनच येते.

पाणी २ ग्लास फार झालं. झाकणाला वाफ लागून परत आतच पडते, काही आटत नाही, भाज्यांचं स्वतःचं पाणी सुटते ते वेगळं. एवढ्या भाजीला अर्धा-पाऊण कप पुरे. आणि गोठलेलं पाकीट कधीच थेट टाकायचं नाही, अख्खं भांडं तासन् तास कोमट राहते आणि कोमटातच जंतू वाढतात. आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात काढून ठेव.

मी कसं करते ते लिहून देते. रात्रीच अर्धा किलो आलू आणि ३ गाजरं दीड-दीड इंचाची कापून घ्यायची, आलू पाण्यात बुडवून फ्रीजमध्ये, नाहीतर काळे पडतात. २ कांदे मोठे मोठे चिरून, ५-६ पाकळ्या लसूण ठेचून. सकाळी सगळं भांड्यात, तेल चमचाभर, मिरे जाडसर कुटून, मीठ अगदी थोडं (सॉसेज खारट असतात, शेवटी चाखून टाक), एक तमालपत्र, पाणी अर्धा कप, लो. संध्याकाळी आलीस की हायवर कर, २ टमाटर, शिमला मिरची आणि मटार टाक, नि तोपर्यंत तव्यावर थोड्या तेलात सॉसेज परतून घे. हे परतणं चुकवू नको. कडेने लालसर खरपूस रंग आला की खमंग वास सुटते, तो वास स्लो कुकरमध्ये कितीही तास ठेव, येत नाही, कारण पाणी आहे तिथे १०० डिग्रीच्या वर काही जात नाही आणि खरपूस व्हायला त्याहून बरीच जास्त आच लागते. परतलेले सॉसेज वरून ठेव, झाकण लाव, २०-२५ मिनिटं. तेवढ्यात तुझे हातपाय धुऊन चहा होऊन जाते. वरून सांभार (कोथिंबीर) भरपूर.

रस्सा पातळ वाटला तर २-३ आलू त्यातच मोडायचे.

धाकटा ३ वर्षांचा आहे म्हणतेस तर त्याला सॉसेजच्या गोल चकत्या देऊ नकोस गं. गोल चकती लहान पोराच्या घशात बरोब्बर बसते. आधी उभे चार भाग कर, मग बारीक काप.

जुना_वायरमन

ताई, चालू ठेवून जायला हरकत नाही, ही वस्तू त्यासाठीच आहे. साडेतीन लिटरचा कुकर साधारण २०० ते २५० वॉटचा असतो, म्हणजे ८ तासांत जास्तीत जास्त २ युनिट. फक्त एक्स्टेंशन बोर्डवर लावू नका, भिंतीच्या सॉकेटला थेट लावा, ओट्यावर चारी बाजूंनी थोडी जागा मोकळी ठेवा आणि वायर ओट्याच्या खाली लोंबू देऊ नका, लहान पोरगं ओढते.

खरा प्रश्न लाईट जाण्याचा आहे. उन्हाळ्यात आपल्याकडे दुपारी कधी जाईल सांगता येत नाही, आणि बटनांचा डिजिटल कुकर असला तर बरेचसे मॉडेल लाईट आल्यावर आपोआप सुरूच होत नाहीत, गोल फिरवायच्या बटनाचे होतात. म्हणजे जेवण दुपारी १२ ला थांबलं आणि संध्याकाळपर्यंत ४२ डिग्रीच्या घरात तसंच पडून राहिलं असं होऊ शकते. ते संध्याकाळी परत उकळलं तरी खायचं नाही, काही जंतूंचं विष उकळून जात नाही. आल्यावर आधी मायक्रोवेव्हचं घड्याळ बघायचं, लुकलुकत असलं तर मधे लाईट गेली होती. सासूबाई घरी आहेत तर त्यांना एवढंच सांगून ठेवा की लाईट गेली की फोन करायचा, तुम्ही किती वेळ गेली ते विचारून घ्याल.

आणि सकाळी भरून ठेवून दुपारी २ ला सुरू होईल असा टायमर लावू नका. नागपूरच्या एप्रिल-मेमध्ये कच्चं मांस तासभरसुद्धा बाहेर ठेवू नये.

प्रतापनगर_२२

मधेच विचारते, माझी बहीण पुढच्या महिन्यात अमेरिकेतून येते आहे, ती तिथला कुकर आणू का म्हणून राहिली आहे. इथे चालेल का? पिन बदलायचा अडॅप्टर आहे आमच्याकडे.

जुना_वायरमन

नाही ताई, पिनने काही होत नाही. तिथली वीज साधारण ११०-१२० व्होल्ट, आपली २३०. हीटरवर दुप्पट व्होल्टेज गेलं की ताकद जवळजवळ चौपट होते, म्हणजे २५० वॉटचं यंत्र हजार वॉट ओढायला जाते, पाच मिनिटांत जळून जाईल, आग लागायचीही भीती. चालवायचाच असेल तर २३० चं ११० करणारा वेगळा ट्रान्सफॉर्मर लागतो, निदान ५०० वॉटचा घ्या, जड असतो आणि दिवसभर गरम राहतो. त्यापेक्षा बहिणीला दुसरं काही आणायला सांगा, कुकर इथलाच घ्या.

गोवा_रिटर्न

काकूंचं सगळं पटलं पण एक सांगू का, सॉसेज शेवटी टाकलं की आलूमध्ये त्याची चव उतरत नाही, भाजी वेगळी नि सॉसेज वेगळं लागते. मी यावर एक उपाय काढला आहे, गोव्याचं चोरीस. ते कच्च्या पोर्कचं असते, व्हिनेगर, लाल मिरची, लसूण घालून मुरवलेलं, मणी-मणी बांधलेली माळ मिळते. ते सकाळपासून ६-७ तास शिजलं तरी मोडत नाही, उलट त्याची लाल चरबी सुटून आलूत जाते. फक्त आवरण काढून आतलं मोकळं करायचं, तेल एक थेंबही नाही, मीठ नाही, आलू थोडे लहान कापायचे कारण व्हिनेगरही आंबटच. सोबत पाव. १ मोठा कांदा जास्त घाला, गोडसर होते. मी दर खेपेला येताना आणतो आणि फ्रीजरमध्ये ठेवतो, अर्थात तिखट आहे, लहान पोरांना नाही चालणार.

सदरची_काकू

चोरीसचं बरोबर बोललास. पण हिच्या घरी लहान पोरं आणि सासूबाई आहेत, तिला साधंच सोयीचं. चव उतरवायची असेल तर एक कर गं, सॉसेज परतल्यावर तव्याला जे लाल-तपकिरी चिकटलेलं असते त्यात दोन चमचे गरम पाणी टाकून उलथण्याने खरवड आणि ते सगळं भाजीवर ओत. सगळी चव त्या तव्यात असते, लोक धुऊन टाकतात.

नि सासूबाईंसाठी वेगळा स्वयंपाक कशाला? सॉसेज शेवटी पडतात म्हणजे तोपर्यंत भांड्यात निव्वळ भाजीच आहे, त्यांचं आधी काढून घे. त्यांना त्या भांड्यात नॉनव्हेज शिजलेलं चालत नसेल तर ते आधी विचारून घे, तू त्यात मटण केलेलं आहेस म्हणून म्हणते. नाही म्हणाल्या तर त्यांचं मन मोडू नको, छोट्या कुकरमध्ये त्यांची भाजी लाव.

मनीषनगरची_आई

काकू, दादा, सगळ्यांचे खूप खूप आभार, मी पाकीट वाचलं तर खरंच मागे बारीक अक्षरात आधीच शिजवलेले असं लिहिलं होतं. सासूबाईंना विचारलं, त्या म्हणाल्या मटणाचं भांडं नको. मग मी उलटं केलं, बाजारातून त्याच मापाचं दुसरं आतलं भांडं मिळालं, त्यावर मार्करने खूण करून ठेवली आणि आता त्यात फक्त भाजी शिजते, सॉसेज तव्यावर परतून आमच्या चौघांच्या वाढलेल्या भाजीत तव्याच्या खरवडीसकट मिसळते.

परवा केलं. गोकुळपेठ मार्केटमधून गाजरं, फुलकोबी आणि ताजे मटार आणले होते, फुलकोबी मी संध्याकाळीच टाकली. दार उघडलं तर लसूण आणि मिऱ्याचा वास जिन्यापर्यंत आलेला होता, आलू चमचा टेकवला की दोन तुकडे होऊन राहिले होते. आठ वाजता आम्ही जेवायला बसलो, आठ वाजता! मुलीने पोळीसोबत दोनदा घेतलं. सासूबाईंनी त्यांच्या वाटीत वरून तूप आणि लिंबू घेतलं नि म्हणाल्या गुरुवारी पण असंच कर.

आता त्यांच्या भाजीत काही डाळ-कडधान्य असावं म्हणून राजमा टाकायचा विचार आहे, सॉसेजसोबतही चांगला लागेल. रात्री भिजवून सकाळी भाजीसोबतच टाकला तर चालते न?

सदरची_काकू

नाही नाही, राजमा थेट टाकू नको! बरं झालं विचारलंस. कच्च्या राजम्यात एक विषारी द्रव्य असते, ते खळखळ उकळल्यावरच जाते, निदान १० मिनिटं पूर्ण उकळी पाहिजे. स्लो कुकर लोवर तेवढा तापेलच याचा भरवसा नाही आणि अर्धवट शिजलेला राजमा कच्च्यापेक्षाही जास्त त्रास देऊ शकते, दोन-तीन तासांत उलट्या सुरू होतात. रात्रभर भिजव, ते पाणी फेकून दे, नव्या पाण्यात प्रेशर कुकरमध्ये मऊ होईपर्यंत शिजव, मग टाक. चवळी-मुगाचं एवढं नाही, पण राजम्याला हे करायचंच.

मनीषनगरची_आई

अरे बाप रे, भिजत घातलेला आहे काकू, सकाळी ६ लाच प्रेशर कुकर लावते.