मदत हवी आहे: पाढे पाठ, पण भागाकार अडतो

नमस्कार. परभणी जिल्ह्यातील एका खेड्यात मी तिसरीच्या मुलांना गणित शिकवते. मुले दहापर्यंतचे पाढे एका सुरात म्हणतात. मात्र ‘चार सख किती?’ असे मधूनच विचारले, की बोटे मोजत ‘चार एके चार’पासून सुरुवात करतात. त्यासाठी चिंचोक्यांच्या ओळी मांडणे बरेच उपयोगी पडले.

खरी अडचण भागाकाराची आहे. 12 चिंचोके 3 मुलांत सारखे वाटणे सहज जमते. पण 12 चिंचोक्यांचे 3-3 चे किती ढीग होतील, असे विचारताच तीच मुले गोंधळतात, कारण उत्तर दोन्हीकडे 4 असले तरी एकदा तो प्रत्येकाचा वाटा असतो आणि एकदा ढिगांची संख्या. काल 13 चिंचोके दिले, तेव्हा उरलेला एक चिंचोका एका मुलीने मुठीत लपवला. बाकी उरणे म्हणजे आपलीच चूक, असे तिला वाटले होते.

वाटणी आणि गट हे दोन अर्थ आधी वेगवेगळे शिकवावेत, की पाढ्यांसोबतच एकत्र? आणि बाकीची ओळख नेमकी केव्हा करून द्यावी? ज्यांनी वर्गात हे करून पाहिले आहे, त्यांनी कृपया सविस्तर सांगावे.