मदत हवी आहे: जुनी सात सीटर घ्यायची आहे, तीन चाइल्ड सीट बसायला हव्यात (नाशिक)

धाकटी_पाती
सेकंड हँड सात सीटर घ्यायची आहे. दोन गाड्या बघून ठेवल्या आहेत. इनोव्हा क्रिस्टा डिझेल, २०१७, १ लाख ३५ हजार किमी, साडेबारा सांगतोय. दुसरी एर्टिगा सीएनजी, २०१९, ६२ हजार किमी, साडेआठ. तीन चाइल्ड सीट बसल्या पाहिजेत. शनिवारपर्यंत टोकन दिलं नाही तर क्रिस्टा जाईल असं एजंट म्हणतोय. कोणती घेऊ ते सरळ सांगा. "गरजेनुसार ठरवा" हे नको, तेवढं वाचून झालंय.

सातपूरकर
डोळे झाकून क्रिस्टा. २.४ डिझेल इंजिनला टायमिंग चेन आहे, जुन्या २.५ इनोव्हासारखा बेल्टचा खर्च नाही. २०१७ ची म्हणजे बीएस-४, डीपीएफची (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरची) कटकटही नाही.

पाना_नंबर_बारा
थांबा हो. ताई, मुलांची वयं आणि वजनं किती? मोठी माणसं किती? क्रिस्टा सात सीटर की आठ? तुमच्या चाइल्ड सीट आयसोफिक्सच्या (गाडीतल्या सळयांना थेट अडकणाऱ्या) की बेल्टच्या? हे कळल्याशिवाय कोणी कितीही ठामपणे सांगितलं तरी तो अंदाजच.

काटकसर
एर्टिगा घ्या. कंपनी फिटेड सीएनजी आहे. सिलिंडरवरच्या पट्टीवर हायड्रो टेस्टची (सिलिंडर दाब सहन करतो का याच्या चाचणीची) तारीख बघा, दर तीन वर्षांनी करावी लागते. २०१९ च्या गाडीची एव्हाना झालेली असायलाच हवी. आरसीवर इंधन "पेट्रोल/सीएनजी" आहे ना तेही बघून घ्या.

कसारा_टॉप
सात माणसं, एसी चालू आणि सीएनजीवर सप्तशृंगी गडाचा घाट? दुसऱ्या गिअरमध्ये रडत चढेल. शिवाय सिलिंडर डिक्कीत. तिसरी रांग उभी असली की बाबागाडी कुठे ठेवणार?

काटकसर
घाटापुरतं पेट्रोलवर टाकायचं, बटण त्यासाठीच असतं. वर्षातून चारदा गडावर जायला कोणी बाराही महिने डिझेल जाळत नाही.

धाकटी_पाती
मोठी चार माणसं: मी, नवरा, सासू, सासरे. मुलं तीन: पाच महिने (७ किलो), तीन वर्षं (१४ किलो), सात वर्षं (२१ किलो). सासऱ्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, ते पुढेच बसतील. सासूबाईंनाही मागच्या रांगेत चढायला जमणार नाही. बाळाची सीट आयसोफिक्सची, मधल्याची बेल्टने बसणारी, थोरल्याला बूस्टर (उंच करणारी बैठक). क्रिस्टा सात सीटर, मधे दोन वेगळ्या खुर्च्या. आता सांगा.

पाना_नंबर_बारा
आता बोलता येईल. तुमच्यासाठी मॉडेलपेक्षा मांडणी महत्त्वाची. एर्टिगा २+३+२, सात सीटर क्रिस्टा २+२+३.

एर्टिगात तिसऱ्या रांगेत जायला दुसऱ्या रांगेची सीट सरकवून वाकवावी लागते. तिच्यावर चाइल्ड सीट बांधलेली असली तर ती हलत नाही. आयसोफिक्स फक्त दुसऱ्या रांगेच्या दोन टोकांना. दोन्हीकडे चाइल्ड सीट लावल्या की तिसरी रांग बंद, मग डिक्कीतून चढा. म्हणून डावी, म्हणजे फुटपाथकडची सीट मोकळी ठेवावी लागते. तिथे सासूबाई, मधे तुम्ही, उजवीकडे बाळ, मागे दोघं मुलं. बसतं सगळं, पण प्रत्येक थांब्यावर आधी सासूबाईंना उतरवायचं, मग मागच्यांना.

क्रिस्टात एका खुर्चीवर बाळ, दुसरीवर सासूबाई, पुढे सासरे. तिसऱ्या रांगेत दोन टोकांना दोन मुलं, मधे तुम्ही. दोन खुर्च्यांमधल्या वाटेने मागे जाता येतं, सासूबाईंना उठवावं लागत नाही. आणि बाळाची सीट उलटी, मागे तोंड करून असते, त्यामुळे बाळाचं तोंड तुमच्याकडेच येतं. हात लांबवला की बाटली देता येईल.

आजोळ
इतका खटाटोप कशाला? तान्हं मूल आईच्या मांडीवरच जास्त सुरक्षित. पिढ्यान्‌पिढ्या असंच चाललंय.

ब्रेक_फ्लुइड
नाही, आणि हे आदराने पण स्पष्ट सांगतो. ताशी ५० किमीवरून गाडी आदळून एका सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात थांबली तर ७ किलोच्या बाळाचा जोर साधारण १०० किलोचा होतो. कोणत्याही आईच्या हातांनी ते धरून राहत नाही. बाळ समोरच्या सीटवर जातं आणि मागून आईचं वजन त्याच्यावर. कायद्याचंही सांगतो: मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीपासून कलम १९४ ब आहे, चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा चाइल्ड सीट नसेल तर १००० रुपये दंड. पण दंडासाठी नव्हे, बाळासाठी करा.

मराझो_प्रेमी
महिंद्राच्या मराझोचं नाव कोणीच कसं घेतलं नाही? २०१८ साली ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत ४ स्टार. एर्टिगाला २०१९ मध्ये ३. मधल्या रांगेत आयसोफिक्स आहे, छतातून एसीची हवा येते, मागच्यांना बरं पडतं.

सातपूरकर
मराझोला मुलांच्या सुरक्षेत २ स्टार आहेत, एर्टिगाला ३. धागा मुलांच्या सीटचा आहे. अर्धाच आकडा सांगू नका. आणि लाइट, बंपर, काच यांचे पार्ट पाच वर्षांनी किती लवकर मिळतील याचाही विचार करा.

मराझो_प्रेमी
मान्य, तो आकडा मीच द्यायला हवा होता. तरी बघायच्या यादीत ठेवा.

ब्रेक_फ्लुइड
पानाभाऊंच्या मांडणीत एक गोष्ट राहिली. पुढच्या दोन, दुसऱ्या रांगेच्या दोन टोकांच्या आणि तिसऱ्या रांगेच्या दोन टोकांच्या, अशा सहा जागांना खांद्यावरून येणारा तीन-बिंदूंचा पट्टा मिळतो. सातवा माणूस कुठल्या तरी मधल्या सीटवर येणारच, आणि या वर्षांच्या बऱ्याच गाड्यांत तिथे फक्त कमरेचा पट्टा असतो. एर्टिगा असो वा क्रिस्टा, हे टळत नाही. तिथे मोठ्या माणसानेच बसायचं. बूस्टर कमरेच्या पट्ट्यावर कधीच नको, धक्क्यात पट्टा पोटात रुततो. दोन्ही गाड्यांत मधला पट्टा ओढून बघा आणि कळवा.

पाना_नंबर_बारा
बरोबर, ते लिहायचं राहिलं. तीन वर्षांच्याची सीट तिसऱ्या रांगेत बेल्टने बांधायची तर अजून दोन अडचणी येतात. एक, आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांचा पट्टा झटका बसल्यावरच अडकतो, एरवी सैल सुटतो. सीटला स्वतःचा लॉक नसेल तर ती डुलत राहते. सीटवर गुडघा टेकवून पूर्ण वजन द्या आणि पट्टा ओढा. नंतर जिथून पट्टा जातो तिथे धरून हलवा, अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त हलली तर ती बसलेली नाही. दोन, बकलचा दांडा लांब असला तर बकल सीटच्या कडेवर आडवं येतं आणि वाकून ताण घेतं. गाडीचं हेडरेस्ट चाइल्ड सीटला पुढे ढकलत असेल तर काढून डिक्कीत ठेवा.

आयसोफिक्ससाठी सीटची पाठ आणि बैठक मिळते त्या फटीत बोटं घाला. पेन्सिलीएवढ्या, ६ मिमी जाडीच्या दोन सळया लागतील, मधे २८ सेंटिमीटर. एजंटांकडच्या गाड्यांत रेक्झिनचं सीट कव्हर त्यावरून घट्ट शिवलेलं असतं आणि "यात नाहीये" असं सांगतात. कव्हरची शिवण उसवून बघा. बाळाच्या सीटला खाली टेकणारा पाय असेल तर तो कठीण जमिनीवर टेकला पाहिजे, जाड सेव्हन-डी मॅटवर नाही. मॅट तेवढ्या भागापुरती कापा.

पेठरोड_पासिंग
कागदाचं बोलतो. क्रिस्टा म्हटली की पहिला प्रश्न: आधी टूरला होती का? एमपरिवाहन या सरकारी ॲपवर नंबर टाकून वाहनाचा प्रकार, मालक क्रमांक, बँकेचा बोजा, इन्शुरन्सची मुदत बघा. पिवळी पाटी पांढरी केलेली आहे का, तेही वेगळं विचारा. शोरूमची सर्व्हिस हिस्ट्री चासी नंबरवरून मागा, एजंटच्या फाइलमधली नको.

गाडी नावावर करायला, राज्यातल्या राज्यात असेल तर फॉर्म २९ आणि ३०. बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी आधी हातात, मग पैसे. दुसऱ्या राज्यातली असेल तर फॉर्म २८ ची एनओसी आणि इथला रोड टॅक्स वेगळा, डिझेलला पेट्रोलपेक्षा दर जास्त. दिल्लीकडची दहा वर्षांच्या जवळ आलेली डिझेल गाडी स्वस्त दिसायची ती तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर आलेल्या बंदीमुळे. इन्शुरन्स चौदा दिवसांत नावावर करून घ्या. नो-क्लेम बोनस जुन्या मालकाचा, गाडीबरोबर येत नाही.

नवीन_सभासद_२२
माझी अल्टो आहे, एमएच-४१, मालेगाव पासिंग. नाशिकला नावावर करायची तर एनओसी लागेल का?

पेठरोड_पासिंग
त्यासाठी वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर सांगतो. इथे ताईंचं राहून जाईल.

स्टेपनी
१ लाख ३५ हजार खरे आहेत का ते असं बघा. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. "२३२२" म्हणजे २०२२ चा तेविसावा आठवडा. स्टेपनीचाही आकडा बघा. २०१७ च्या गाडीला मूळ टायर नसणार हे ठीक, पण सध्याचा संच केव्हाचा आणि आधीच्याचं बिल कुठे, हे विचारा. ब्रेक आणि क्लच पेडलचं रबर एका बाजूने गुळगुळीत, ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड दबलेली आणि मीटरवर मात्र कमी किलोमीटर, तर मीटर मागे केलाय. टूरच्या गाडीत तिसऱ्या रांगेची बकलं झिजलेली असतात, घरच्या गाडीत तीच नवी दिसतात.

पुराच्या पाण्यातली गाडी ओळखायला प्रत्येक सीट बेल्ट अगदी शेवटपर्यंत ओढा. आत गुंडाळलेल्या भागावर चिखलाची आडवी रेघ राहते, ती कोणी धूत नाही. तुम्हाला सगळे पट्टे तसेही तपासायचेच आहेत.

चावी ऑन केल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. लागलाच नाही तर कोणीतरी तो बंद करून ठेवलाय.

धाकटी_पाती
आज इंदिरानगरला जाऊन दोन्ही बघितल्या, तिन्ही सीट घेऊन गेलो होतो.

एर्टिगा: आयसोफिक्सच्या सळया लगेच हाताला लागल्या. दुसऱ्या रांगेत मधे कमरेचाच पट्टा. तिन्ही सीट एका रांगेत लावून बघितल्या, शेवटचं दार लागत नाही. डिक्कीत सिलिंडर, बाबागाडी नाहीच.

क्रिस्टा: सीट कव्हर होतं, एजंट म्हणाला आयसोफिक्स नाही. शिवण उसवल्यावर दोन्ही खुर्च्यांना सळया मिळाल्या. बाळाची सीट टक् आवाज होऊन बसली, हिरवी खूण आली. सासूबाई आरामात बसल्या. तिसऱ्या रांगेत मधल्या जागेचं बकल गादीखाली दबलेलं होतं, बाहेर काढलं तर कमरेचा पट्टा. टोकाच्या दोन पट्ट्यांपैकी डावा ओढला की परत आत जात नाही, लोंबत राहतो. चिखलाची रेघ कुठेच नाही. एमपरिवाहनवर खासगीच आहे, दुसरा मालक, बोजा नाही. एजंट म्हणतो पट्टा "बघून घेतो", पण टोकन आजच द्या.

ब्रेक_फ्लुइड
टोकन देऊ नका. आत न जाणारा पट्टा म्हणजे रीळची स्प्रिंग गेलीय किंवा पट्टा पिळून अडकलाय. खोलून तेल घालून चालू करतात, ते चालणार नाही. पूर्ण असेंब्ली नवी, चासी नंबरवर मागवलेली, बिलासकट, आणि पैसे देण्यापूर्वी. भंगारातला पट्टा नको, तो अपघातात ताणलेला असू शकतो. तोवर त्या जागी मुलाला बसवायचं नाही.

सातपूरकर
म्हणजे माझीच क्रिस्टा ठरली. फक्त लिफ्टवर चढवून घ्या. लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट, मागच्या डिफरन्शिअलला तेलाची गळती, चासीवर वेल्डिंगची खूण. दुपारी बाराला सगळे ब्लोअर लावून अर्धा तास उभी ठेवा, तिसऱ्या रांगेत हात धरून हवा गार येते का बघा. सकाळी जाणार असाल तर आधी फोन करून सांगा, इंजिन गरम करून ठेवू नका म्हणून.

काटकसर
साडेबारा जास्त आहेत. पट्टा, टायर आणि लिफ्टवर निघेल ते सगळं लिहून काढा आणि तेवढं कमी करून मागा. शनिवारची घाई एजंटची आहे, तुमची नाही.

मराझो_प्रेमी
मराझो बघितली का?

धाकटी_पाती
नाही भाऊ, ती बघायला वेळ झाला नाही. टोकन दिलेलं नाही. पट्टा नवा, बिल आणि लिफ्टवरची तपासणी झाल्यावर बोलू असं एजंटला कळवलंय. मुंबई नाका ते पाथर्डी फाटा या पट्ट्यात रविवारी लिफ्ट चालू असलेलं गॅरेज कोणाला माहीत आहे का?

पाना_नंबर_बारा
रविवारी बहुतेक बंद असतात. सोमवारी सकाळी अंबड एमआयडीसीत जा, दोन खांबांची लिफ्ट असलेलं कोणतंही चालेल. जाताना चाइल्ड सीट पुन्हा घेऊन जा, आणि नवा पट्टा लागला असेल तर तीन वर्षांच्याची सीट त्यावर बांधून अडीच सेंटिमीटरची परीक्षा तिथेच करा.