विषय: स्प्रिंगवाले लाँगबोर्ड ट्रक – करकर गेली, डगडग आली

प्रेषक: ग्रंथालय

नमस्कार मंडळी,

या यादीवर मी एरवी फक्त "पुस्तकं परत करा" एवढंच लिहिते, त्यामुळे आजचा विषय वाचून दचकू नका. लेक शिकायला बाहेर पडली आणि तिचा लाँगबोर्ड (लांब स्केटबोर्ड) गॅरेजच्या भिंतीला टेकवून गेली. त्यावर मी चोरून उभी राहायला लागले त्याला आता वर्ष झालं. पडते कमी, वळते बरी.

बोर्डाच्या ट्रकमध्ये, म्हणजे फळीखाली चाकं धरून वळवणाऱ्या धातूच्या सांगाड्यात, रबरी बुशिंग (दाबलं की परत उसळणाऱ्या जाड कड्या) नाहीत, स्प्रिंग आहे. पुढे एक ट्रक, मागे एक, दोन्ही तसेच. प्रत्येकात एकच जाड स्प्रिंग आणि एकमेकांवर घसरणाऱ्या दोन तिरक्या धातूच्या चकत्या. गेले दोन महिने वळताना जुन्या दरवाज्यासारखी करकर येत होती. रविवारी धीर करून दोन्ही ट्रक खोलले. आत काळा चिखल. पुसून काढला, बोटभर ग्रीस भरलं, पुन्हा जोडलं. करकर साफ गेली.

मग नेहमीच्याच उतारावर गेले. निम्म्यात पोचते तोच बोर्ड नंदीबैलासारखा डावी-उजवीकडे मान हलवायला लागला. मी गवतात उडी टाकली. कोपर सोललं, बाकी काही नाही. पण याच उतारावर, याच वेगात, मागच्या आठवड्यापर्यंत असं काही होत नव्हतं.

माझे प्रश्न दोन. मी जोडताना काही उलटंसुलटं केलं का? आणि हे स्प्रिंगचं प्रकरण काढून सरळ बुशिंगवाले ट्रक घेऊ का?

– ग्रंथालय

* * *

प्रेषक: वेबसाइटवाला

ताई, आधी एक सांगा, हेल्मेट होतं ना? उत्तर "हो" असेल तर पुढे वाचा.

तुम्ही उलटं काही केलेलं नाही. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र एका ओळीत होणार नाही, कारण "स्प्रिंगवाले ट्रक" म्हणून जे विकतात ते सगळे एका जातीचे नाहीत.

तुमच्यासारखी रचना ओरिजिनल कंपनीच्या एस-मालिकेतल्या ट्रकची. तुमच्या त्या तिरक्या चकत्या म्हणजे कॅम. कॅमवर कॅम घसरतो आणि स्प्रिंग त्यांना एकमेकांवर दाबून धरते. कललात की हँगर (चाकांचा दांडा धरणारा भाग) कॅमचा चढ चढतो, सोडलंत की खाली मधल्या खोबणीत येतो. सिस्मिकची तऱ्हा वेगळी: दोन स्प्रिंगा, डाव्या-उजव्या बाजूला एकेक. डावीकडे कललात की एक दबते, दुसरी सुटते. कार्व्हरच्या सी७ मध्ये पुढच्या ट्रकला एक हातच असतो. तो आडवा झुलतो आणि स्प्रिंग त्याला मध्ये आणून सोडते. त्यांचा मागचा ट्रक मात्र साधा बुशिंगवाला. (हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.) गलविंगच्या साइडवाइंडरला लोक याच रांगेत बसवतात, कारण वळायला तोही असाच सैल, पण त्यात स्प्रिंग नाही. दोन किंगपिन (ट्रकच्या मधून जाणारे मुख्य बोल्ट) आणि नेहमीचीच बुशिंग.

मी तीन वर्षं कॅमवाले चालवले, मग दोन स्प्रिंगवाले, आणि आता लांब पल्ल्याला बुशिंगवालेच. बुशिंग कसं वागतं? सुरुवातीला मऊ, मग जसं दाबाल तसं वॉशरच्या वाटीत फुगून घट्ट होत जातं. म्हणजे वळणाच्या शेवटी पायाखाली भिंत लागते, आणि त्या भिंतीवर टेकून उभं राहता येतं. कॅमवाल्यात भिंतच नाही. मधल्या खोबणीतून बाहेर पडलात की थेट खोलवर जाता, डेक (उभं राहायची फळी) जवळजवळ जमिनीला लागेल इतकं. जमिनीवर पाय न टेकवता नुसत्या कमरेच्या हिसक्यानं बोर्ड पुढे पळवायचा असेल, म्हणजे पंपिंग करायचं असेल, तर यासारखं सुख नाही. दाबलेलं सगळं परत मिळतं.

पण सगळं परत मिळतं हीच वेगात अडचण होते. उतारावर मी स्प्रिंगवाले ट्रक वापरत नाही, कोणाला सांगतही नाही.

एक व्यवहाराची गोष्ट: ट्रक इतका खोल कलतो म्हणून चाक डेकला घासायची भीती जास्त. डेकच्या खाली चाकाच्या वर गोल काळा डाग दिसतोय का बघा. दिसला तर रायझर (डेक आणि ट्रकच्या मधला ठोकळा) वाढवा. चाक डेकला चिकटलं की बोर्ड जागच्या जागी थांबतो, आपण थांबत नाही.

– वेबसाइटवाला

* * *

प्रेषक: माजी खजिनदार

चि. ग्रंथालय आणि चि. वेबसाइट,

मी या फळकुटावर जन्मात उभा राहिलेलो नाही आणि राहणारही नाही, गुडघ्यांची परवानगी नाही. पण नोकरीची बावीस वर्षं स्प्रिंगांत गेली, तेव्हा तोंड बंद ठेवणं जमत नाही.

मुलीनं काही बिघडवलेलं नाही. तिनं दुरुस्ती चांगली केली, म्हणून ती पडली.

स्प्रिंगचा नियम रॉबर्ट हूकनं १६७८ मध्ये छापला: जेवढं दाबाल तेवढ्याच प्रमाणात ती उलट ढकलेल. (दोन वर्षं आधी त्यानं तो अक्षरांची उलटापालट करून कोड्यात लपवला होता, दुसऱ्यानं चोरू नये म्हणून. स्वभाव तसाच होता त्याचा.) पोलादाची स्प्रिंग दाबताना घेतलेली शक्ती जवळजवळ सगळी परत देते. युरेथेनचं, म्हणजे रबरासारख्या प्लास्टिकचं, बुशिंग त्यातली बरीचशी स्वतःच्या पोटात उष्णता करून जिरवतं. मोटारीला स्प्रिंगबरोबर शॉक अ‍ॅब्सॉर्बर का लागतो? स्प्रिंग गाडीचा भार पेलते, झोके मात्र थांबवत नाही. झोके जिरवायला दुसरं कोणीतरी लागतं.

आता या ट्रकमध्ये ते दुसरं कोण? कोणीच नाही. म्हणजे मुद्दाम बसवलेलं कोणी नाही. होतं ते चकत्यांमधलं घर्षण. दोन महिने जी करकर ऐकू येत होती ना, तोच तुझा शॉक अ‍ॅब्सॉर्बर होता. मळ आणि कोरडा धातू मिळून प्रत्येक झोका खात होते. तू ग्रीस भरलंस, घर्षण गेलं, आणि झोके मोकळे सुटले.

म्हणून या जातीच्या ट्रकमध्ये "चालवायला कसा" आणि "निगा किती" असे दोन वेगळे प्रश्न नसतात. तू ग्रीस किती आणि कसलं लावतेस त्यावर तो कसा चालणार ते ठरतं. बुशिंगवाल्यात तसं नाही. तिथे पिव्हट कपमध्ये (हँगरचं टोक बसतं त्या वाटीत) थेंबभर वंगण टाकलं काय, न टाकलं काय, जिरवायचं काम युरेथेन आपलं आपण करत राहतं.

माउंटनबोर्डवाल्यांनी (मोठ्या चाकांचा बोर्ड डोंगरउतारावर चालवणाऱ्यांनी) हे कधीच ओळखलं. एमबीएस कंपनीच्या ट्रकमध्ये स्प्रिंगच्या पोटात रबरासारखा ठोकळा घालतात, तो झोके खातो. नातवाच्या बोर्डवर पाहिलं आणि बरं वाटलं.

– माजी खजिनदार (हिशेब नवीन खजिनदारांना विचारावेत)

* * *

प्रेषक: सचिव

सर्वांना विनंती, रिप्लाय-ऑल टाळावे. ही यादी मंडळाच्या सूचनांसाठी आहे.

* * *

प्रेषक: ग्रंथालय

सचिवसाहेब, दोनच मेल अजून, मग गप्प बसते.

काका, म्हणजे मी करकर परत आणू की काय! चिखल परत भरायचा?

शिवाय एक. पडल्यावर मी घरी येऊन स्प्रिंग दाबून धरणारा नट चांगला दोन फेरे आवळला. बोर्ड आता सरळ जायला घट्ट वाटतो, पण एकदा का कलला की तसाच ढासळतो. "घट्ट" केलं तरी घट्ट का होत नाही?

– ग्रंथालय

* * *

प्रेषक: माजी खजिनदार

चांगला प्रश्न. नट आवळून स्प्रिंग कडक होत नाही. ती फक्त आधीपासून दाबलेली राहते. समज, एक मिलिमीटर दाबायला ५ किलोचा जोर लागतो अशी स्प्रिंग आहे. नटानं तिला २ मिलिमीटर आधीच दाबलंस, तर पहिले १० किलो पडेपर्यंत ती हलणारच नाही. पण त्यापुढे प्रत्येक मिलिमीटरला पुन्हा ५ किलोच. तुझ्या कॅमच्या ट्रकमध्ये याचा अर्थ मधली खोबण जास्त खोल वाटते. खोबणीतून वर आलीस की उतार पूर्वीचाच. तुला जे जाणवलं ते अगदी बरोबर जाणवलं.

दोन स्प्रिंगांच्या ट्रकमध्ये गंमत आणखी पुढे जाते. दोन्ही बाजूंनी सारखंच आवळलं की दोघींचा जादा जोर एकमेकींना खोडतो. वळायला लागणारा जोर तसाच राहतो. फरक एवढाच की जास्त कललं तरी सैल बाजूची स्प्रिंग सुटून खुळखुळत नाही.

कडकपणा हवा तर स्प्रिंगच बदलायला हवी, आणि तिथे तार बघ. कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातावर जातो. तार १० टक्के जाड घेतलीस, बाकी सगळं तेच ठेवलंस, तर स्प्रिंग साधारण ४६ टक्के कडक. नुसत्या डोळ्यांना दोन्ही सारख्याच दिसतील. म्हणून पुढे-मागे वेगवेगळ्या पाकिटांतल्या स्प्रिंगा घालू नकोस.

* * *

प्रेषक: वेबसाइटवाला

काका, तारेचं हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. मी दोनदा "मीडियम" समजून भलतीच स्प्रिंग घातली होती.

ताई, चिखल भरू नका. वाळू आणि ग्रीस एकत्र आले की पॉलिश पेपरचं काम करतात, कॅमचे चढ झिजून गुळगुळीत होतात आणि मग मध्ये खोबण राहतच नाही. माझ्या पहिल्या ट्रकचं तेच झालं. सरळ उभं राहिलं तरी बोर्ड कुठे बघावं ते विसरायचा.

मी करतो ते असं. नट सोडताना किती फेरे सुटले ते मोजून कागदावर लिहितो. शेवटचे दोन फेरे फडकं वर धरून, तोंड बाजूला ठेवून, कारण स्प्रिंग दाबलेली असते आणि ती उडते तेव्हा विचारून उडत नाही. चकत्या जुन्या टूथब्रशनं घासायच्या. रॉकेलसारखं काही वापरलं तर फक्त धातूवर. चाकांच्या आणि बुशिंगच्या युरेथेनला ते लागू द्यायचं नाही. डब्यातून फवारायचं पातळ तेल इथे नकोच. ते असलेलं ग्रीस धुऊन काढतं, दोन दिवस गप्प बसवतं आणि तिसऱ्या दिवशी करकर दुप्पट.

मग ग्रीस. साधं लिथियमचं चालतं. "बोटभर" नाही, ताई! बोटानं लावून फडक्यानं पुसून घ्यायचं, धातूवर नुसती ओलसर चमक उरली पाहिजे. बाहेर डोकावणारं सगळं ग्रीस धूळ गोळा करायला बसलेलं असतं.

दोन्ही स्प्रिंगा टेबलावर शेजारी शेजारी उभ्या करून बघा. एक बुटकी दिसली तर जोडीच बदला. तारेवर गंजाचे खड्डे पडले असतील तरीही बदला, तडा तिथूनच जातो. पावसात चालवलंत तर त्याच संध्याकाळी खोला. बुशिंगवाल्याला एवढं कोण करतं? दोन-तीन महिन्यांनी मी बुशिंग दाबून बघतो, भेग दिसली की बदलतो, संपलं. पण थंडीच्या सकाळी ते दगड होतं आणि कडक उन्हात लोणी. स्प्रिंगला त्या फरकानं काही होत नाही, हा तिचा मोठेपणा मान्य केला पाहिजे.

आता डगडगीवर. डगडग बहुतेक मागून सुरू होते. मागचा ट्रक पुढच्याइतकाच वळायला गेला की पायांनी केलेली प्रत्येक चूक तो मोठी करून परत देतो. म्हणून मागचा ट्रक मंद हवा. ट्रक ज्या आसाभोवती वळतो त्याचा डेकशी कोन ४५ अंश असेल तर बोर्ड २० अंश कलवल्यावर चाकं जवळपास १९ अंश वळतात; कोन ३० केला तर तेवढ्याच कलण्याला ११ च्या आसपास. तेव्हा पुढचा स्प्रिंगवाला ठेवा, कारण मजा तिथे आहे, आणि मागे कमी कोनाचा बुशिंगवाला बसवा. झोके जिरवायला युरेथेन मिळालं, आणि ढोबळमानानं सी७ चीच मांडणी झाली.

फक्त दोन्ही ट्रकची उंची जुळवून घ्या. मागे बुटका पडला तर खाली रायझर घाला, नाहीतर सगळे कोनच बदलतील. आणि वजन पुढच्या पायावर. घाबरलं की आपण मागे रेलतो, नेमकं तेच करायचं नाही.

– वेबसाइटवाला

* * *

प्रेषक: ग्रंथालय

मंडळी, शेवटची मेल.

मागे बुशिंगवाला बसवला, उंचीसाठी खाली एक जाड रायझर. पुढच्यातलं ग्रीस जवळजवळ सगळं पुसून काढलं आणि नट पूर्वीच्या फेऱ्यांवर आणला. (फेरे मोजले नव्हते. पण नटाच्या बाहेर किंगपिनच्या आट्यांवर जिथपर्यंत जुनी धूळ बसली होती तो कडा दिसला, त्यावरून लावला.) पहिल्या दिवशी सपाटीवरच राहिले. वळताना पुढून जुनं खोल डुंबणं आहे, पण मागून कोणीतरी पदर धरून ठेवल्यासारखं वाटतं. काल तोच उतार, निम्म्यापासून. मान हलली नाही. करकर अगदी बारीक आहे, फक्त डाव्या वळणावर. काकांसाठी तेवढी ठेवलीय.

लेकीला फोटो पाठवला. "आई, माझे ट्रक वेगवेगळे का?" एवढंच उत्तर आलं. सविस्तर लिहायचंय.

मागचा स्प्रिंगवाला ट्रक साफ करून, फडक्यात गुंडाळून, दिवाळी अंकांच्या कपाटात खालच्या खणात ठेवलाय. कोणाला हवा असेल तर घेऊन जा. सोबत पुस्तकं परत आणली तर उत्तम.

– ग्रंथालय

* * *

प्रेषक: सचिव

तो ट्रक अजून आहे का? कृपया मला एकट्यालाच उत्तर द्यावे.