सेंट्रल व्हॅक्यूमची ओढ एकदम कमी झालीये, मोटर गेली का?

केरवारे:
नमस्कार मंडळी. आमच्याकडे सेंट्रल व्हॅक्यूम आहे, म्हणजे मोटर आणि केराचा डबा गॅरेजमधे आणि प्रत्येक खोलीत भिंतीला झाकणवालं तोंड, तिथे होज खुपसला की चालू. सात वर्षं काही बघावं लागलं नाही, पण मागच्या महिन्यात एका खोलीत प्लास्टरचं काम काढलं, नंतरची सगळी साफसफाई मी यानेच केली आणि आता साधा केस उचलत नाहीये. डबा रिकामा केला, आतला कापडी फिल्टर नळाखाली धुवून लगेच परत लावला, तरी ढिम्म! नवीन मोटर म्हटल्यावर पोटात गोळा आला. आणि ते भिंतीतले पाइप आतून साफ करायचे असतात का?

खटपट्या:
मोटरला एवढ्यात नावं ठेवू नका. बहुतेक डब्यांवरच चालू करायचं बटण असतं, कुणालातरी ते दाबायला सांगा आणि होज न लावता एकेका खोलीतलं झाकण उघडून तळवा धरून बघा. हात चिकटतोय पण होज लावला की ओढ नाही, म्हणजे होज तुंबलाय. होज आतून साधारण सव्वा इंची आणि भिंतीतला पाइप दोन इंची, त्यामुळे होजमधून पार झालेली वस्तू पुढे सहसा अडकत नाही, अडकलीच तर तोंडाच्या लगेच मागे एल्बो, म्हणजे पाइपचं वळण असतं तिथे. होज तुंबला असेल तर उलटा करा, हँडलचं टोक भिंतीच्या तोंडाला दाबून धरा, आत गेलं तसं बाहेर येतं. तार, सळई अजिबात घालू नका, होज फाटतो. मी फाडलाय 😅

जुना_मेकॅनिक:
अहो ओला फिल्टर लावलात?? त्यावर प्लास्टरची धूळ बसली की तो लगदाच झाला, हवा जाणार कुठून. काही फिल्टर धुता येतात, काही नुसते झटकायचे, कागदी असेल तर पाणी लावायचंच नाही, पुस्तिकेत बघा. पण धुतला तर पूर्ण वाळेपर्यंत मशीन बंद म्हणजे बंद. आणि प्लास्टरची धूळ घरच्या व्हॅक्यूमने ओढायचीच नसते, ती फिल्टरमधून निसटून मोटरपर्यंत जाते. जळका वास किंवा शिट्टीसारखा आवाज येत असेल तर मोटरचे कार्बन (झिजणारे ब्रश) नाहीतर बेअरिंग बघून घ्या, आधी प्लग काढून. आवाज नेहमीसारखा असेल तर मोटरला हात लावू नका. आणि भिंतीतले पाइप मुद्दाम साफ करायची गरज नसते, आतून गुळगुळीत असतात आणि हवाच धूळ पुढे नेते.

केरवारे:
सापडलं!! भिंतीत सगळीकडे ओढ जरा कमीच पण होती, होज लावला की जवळजवळ शून्य. होज उलटा केला तर मास्किंग टेपचा हा एवढा बोळा आणि त्यात माझीच हेअरपिन. फिल्टर काढला तर त्यावर पांढरा पापुद्रा. पुस्तिकेत धुवायला परवानगी होती म्हणून परत धुतला आणि यावेळी दोन दिवस वाळवला. आता मस्त ओढतंय. फक्त काम झालेल्या खोलीतलं झाकण बंद असलं तरी सूऽऽ असा आवाज येतो.

खटपट्या:
झाकणाच्या रबरी वायसरवर प्लास्टरचे कण असणार, ओल्या फडक्याने पुसा. तिथून हवा आत शिरते आणि बाकी खोल्यांची ओढ पण कमी होते.

केरवारे:
पुसलं, तर वायसर एका बाजूने चिरलाय. गोंद लावून चालेल का?

जुना_मेकॅनिक:
नका लावू, झाकणच चिकटून बसेल. दोन स्क्रू असतात, ते काढून पूर्ण झाकण बदला. मागे दोन बारीक वायर असतील, मशीन चालू करायच्या, त्या कुठल्या स्क्रूला होत्या त्याचा आधी फोटो काढून ठेवा, आणि मशीनचा प्लग काढूनच हात घाला.