‘रणांगण’च्या नाट्यरूपांतरासाठी जहाज कसे उभे करावे?

प्रश्न

विश्राम बेडेकर यांच्या १९३९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘रणांगण’ या कादंबरीचे दोन अंकी रूपांतर आमची हौशी संस्था बसवीत असून नेपथ्य माझ्याकडे आहे. युरोपातून मुंबईकडे निघालेल्या जहाजावर चक्रधर विध्वंस आणि जर्मनीतून परागंदा झालेली ज्यू तरुणी हॅर्टा भेटतात, आणि बहुतेक कथा त्या जहाजावरच घडते. डेक, केबिन व भोजनगृह अशी तीन स्थळे फ्लॅट (देखाव्याच्या रंगवलेल्या चौकटी) बदलून दाखवावीत, तर दर प्रवेशानंतर काळोख करावा लागतो. शिवाय सगळे सामान एका टेम्पोत मावले पाहिजे. रंगमंचाची रुंदी ३० फूट आहे. एकाच दृश्यबंधात हे कसे साधावे?

पहिले उत्तर

स्थळे किती, यापेक्षा समुद्र कोणत्या बाजूला आहे हे आधी ठरवा. तो मागे पडद्यावर रंगवला, तर कठड्याशी उभी राहणारी पात्रे प्रेक्षकांकडे पाठ करतील आणि या कथेतले मोलाचे संवाद तर कठड्याशीच होणार. माझ्या मते समुद्र प्रेक्षागृहात असावा. म्हणजे हॅर्टा पाण्याकडे पाहते तेव्हा तिचा पूर्ण चेहरा दिसेल, आणि मुंबई येईल तेव्हा प्रेक्षक जिथे बसले आहेत तोच धक्का होईल. चक्रधर पायऱ्यांवरून प्रेक्षागृहात उतरतो आणि तिला मात्र वरच राहावे लागते, एवढ्या एका हालचालीत तुमचे अर्धे नेपथ्य झाले. त्या पायऱ्या तोवर कोणीही वापरू नयेत, अशी ताकीद दिग्दर्शकांना आत्ताच द्या.

केबिनसाठी एका बाजूला अडीच फुटांची लेव्हल, म्हणजे उंच चौथरा, तिच्यावर एक बर्थ आणि गोल खिडकीची चौकट पुरे. भोजनगृहाचे काम मधल्या मोकळ्या जागेत दोन टेबले करतील.

दुसरे उत्तर

वरील मांडणी पटते, पण एक व्यावहारिक अडचण आहे. साडेतीन फुटी कठडा रंगमंचाच्या अगदी पुढे लावला, तर डेकवरच्या खुर्चीत बसलेल्या नटाचा चेहरा पहिल्या रांगांना दिसत नाही. हे मी स्वतः करून पस्तावलो आहे. कठडा तिरका लावा, दीड इंची पाइपाचे सुटे भाग नट-बोल्टने जोडा आणि मधला भाग उघडाच ठेवा. प्लायवूडच्या लेव्हलवर बूट ठकठक वाजतात, म्हणून कॅनव्हासखाली जुनी सतरंजी अंथरा.

तिसरे उत्तर

संदर्भ पाहताना एक काळजी घ्यावी. १९३८-३९ मध्ये ‘कॉन्ते व्हेर्दे’, ‘कॉन्ते बियान्कामानो’ अशा इटालियन जहाजांनी हजारो ज्यू निर्वासितांना सुएझमार्गे शांघायकडे नेले, कारण तिथे उतरण्यासाठी व्हिसा लागत नसे. त्यांपैकी ‘कॉन्ते बियान्कामानो’चा काही भाग मिलान येथील विज्ञान व तंत्रज्ञान संग्रहालयात जपलेला असून त्याची छायाचित्रे सहज मिळतात, मात्र आतली सजावट महायुद्धानंतर नव्याने केलेली आहे. ती जशीच्या तशी उचलली, तर काळ चुकेल.

जहाजाचे हेलकावे दाखवण्यासाठी नटांना डोलवण्याचा मोह टाळावा. छताला टांगलेला एकच दिवा हळू झुलवला तरी पुरतो. (खरे पाहता जहाजावर दिवा लंबात राहतो आणि हलते ते जहाज, पण प्रेक्षक त्याचा हिशेब आपोआप करतात.) मुंबईला लागताच तो दिवा थांबवा.

प्रश्नकर्त्याकडून

समुद्र प्रेक्षागृहात घेण्याचे दिग्दर्शकांनी मान्य केले आहे. दिवा थांबवण्याबद्दल मात्र मी साशंक आहे, कारण जहाज हॅर्टाला घेऊन पुढे निघते तेव्हा तो पुन्हा झुलायला हवा, आणि त्या वेळी रंगमंचावर दुसरे काहीही हलता कामा नये. तालमीत तसे करून पाहतो.