१८७१ ची .४९२ सरासरी धरायची की सोडायची?

चौकारवाला: मी मूळचा क्रिकेटवाला, बेसबॉलच्या आकड्यांत हल्लीच डोकं घालतोय. एका यादीत लेव्ही मायर्ली सापडला. १८७१, फिलाडेल्फिया ॲथलेटिक्स, सरासरी .४९२. म्हणजे जवळपास दर दुसऱ्या ॲट-बॅटला (फलंदाजीच्या मोजल्या जाणाऱ्या पाळीला) हिट, फटका मारून सुखरूप बेस गाठलेला! दुसऱ्या यादीत हा गडी गायबच, तिथे १८९४ चा ह्यू डफी .४४० वर. भानगड काय आहे?

जुना_स्कोअरर: मायर्ली खेळला ती नॅशनल असोसिएशन, १८७१ ते १८७५. त्या लीगला मेजर, म्हणजे अव्वल, लीगचा दर्जा द्यायचा नाही असं १९६९ मध्ये ठरलं, म्हणून काही याद्यांत ती नसते. डफीची यादीही जुनी झाली बरं का. २०२४ पासून कृष्णवर्णीय खेळाडूंच्या निग्रो लीगचे आकडे धरतात, त्यामुळे वर १९४३ चा जॉश गिब्सन आहे, .४६६.

आता मायर्ली. २६ सामने, १३० ॲट-बॅट, ६४ हिट. मोसमच तेवढा होता. पिचर (बेसबॉलचा गोलंदाज) ४५ फुटांवरून खालच्या हाताने टाकायचा, चेंडू उंच हवा की खाली हे बॅटर सांगायचा, आणि फिल्डर उघड्या हातांनी झेलायचे. .४९२ खोटी नाही, पण मी तिच्यापुढे दंडवत घालणार नाही.

त्या काळातला माझा माणूस रॉस बार्न्स. आधी बोस्टन, मग १८७६ ला शिकागो, नॅशनल लीगच्या पहिल्याच मोसमात .४२९. त्याचं अस्त्र म्हणजे फेअर-फाउल. चेंडूवर वरून असा घाव घालायचा की तो होम प्लेटपुढे (बॅटर उभा असतो तिथे) मैदानाच्या हद्दरेषेच्या आत टप्पा घेणार आणि फिरकी खाऊन बाहेर पळणार. तेव्हाच्या नियमात पहिला टप्पा आत म्हणजे चेंडू फेअर, ग्राह्य. थर्ड बेसमन (तिसऱ्या बेसवरचा फिल्डर) बिचारा बाहेर धावत सुटायचा, तोवर हा पहिल्या बेसवर. बरं, ते रोखायला थर्ड बेसमन रेषेला चिकटून उभा राहिला, की शॉर्टस्टॉपच्या (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या फिल्डरच्या) बाजूला भगदाड.

डावखुरा: पळवाटच ती! १८७७ ला नियम बदलला, बेस ओलांडेपर्यंत चेंडू आत राहिलाच पाहिजे. बार्न्स धाडकन .२७२ वर.

जुना_स्कोअरर: त्या वर्षी तो आजारी होता हो. जेमतेम २२ सामने खेळला. क्लबने पगार कापला म्हणून कोर्टात गेला, तिथेही हरला.

डावखुरा: आजाराचं १८७७ पुरतं मानू. पण १८७९ ला सिनसिनाटीकडून परतला तेव्हा .२६६, १८८१ ला बोस्टनकडून .२७१. तोपर्यंतही आजारीच?

जुना_स्कोअरर: पहिल्यासारखा तो पुन्हा झाला नाही, हे कबूल. पण १८७६ ला तो नियम सगळ्यांनाच होता ना? .४०० च्या वर गेला तो एकटाच. वर ६६ सामन्यांत १२६ रन. सगळं फेअर-फाउलच्या खात्यावर टाकू नका.

चौकारवाला: आणि १८८७ चा टिप ओ'नील? एकीकडे .४३५, दुसरीकडे त्याहून बरीच जास्त.

डावखुरा: त्या एका वर्षी वॉकसुद्धा (पिचरच्या वाईट चेंडूंमुळे फुकट मिळणारा पहिला बेस) हिट म्हणून मोजले होते, आणि बाद व्हायला तीनऐवजी चार स्ट्राइक (हुकलेला किंवा सोडून दिलेला चांगला चेंडू). वॉक वगळले की .४३५. चार स्ट्राइकचं काय वजा करणार? सेंट लुईसचा हा गडी आधी पिचर होता म्हणे, बॅट हातात राहिली ते बरंच झालं.